पडद्यावरचा अशोक आणि सोपाऱ्याचा दगड



मी बँकेतला कारकून. बी. ए.ला इतिहास होता, तेवढ्याच भांडवलावर बोलतो आहे.

२००१ साली दसऱ्याच्या सुमारास संतोष सिवन यांचा 'अशोका' चित्रपट आला. मी कॉलेजात होतो. आमच्या वस्तीतली बरीच मंडळी गेली. माझी आई तर विहारात जावे तशी पांढरी साडी नेसून आली होती. शाहरुख खान, करीना कपूर, गाणी, घोडे, सगळे भव्य. कलिंगाचे युद्धही डोळ्यांत भरणारे. परंतु सम्राट तलवार टाकतो आणि चित्रपट आटोपतो. बाहेर आल्यावर आईने विचारले, "अरे, अशोकानं धम्माचं काम केलं, ते कुठं दाखवलं?" माझ्याजवळ उत्तर नव्हते.

दोष एकट्या दिग्दर्शकाला देता येत नाही. तलवार पडद्यावर शोभते. रस्त्याकडेला वड लावणाऱ्या राजाला तिकीट काढून कोण पाहणार? नायिकेचेच पाहा. प्रयागच्या स्तंभावर तीवराची आई, दुसरी राणी कारुवाकी, हिच्या दानाचा उल्लेख आहे, एवढेच. बाकी प्रेमकथा चित्रपटवाल्यांची. खरे नाट्य तेराव्या शिलालेखात आहे. कलिंगात १ लाख माणसे मारली गेली, दीड लाख पकडून नेली, याचा पश्चात्ताप राजा स्वतः कोरून ठेवतो. मात्र कलिंगातल्याच धौली आणि जौगड येथे हा लेख नाही. ज्यांची माणसे गेली त्यांना तो आकडा ऐकवायला त्याची जीभ रेटली नसावी, असे मला वाटते.

आईच्या प्रश्नाचे उत्तर पुढे वाचनालयात सापडले, तेही आपल्या महाराष्ट्रातले. भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये सोपारा येथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. या लेखात राजा सांगतो की, पूर्वीचे राजे शिकारीला जात. मी अभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला, गेलो. तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. त्यात श्रमण-ब्राह्मणांना दान, वृद्धांची भेट, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी बोलणे.

एका रविवारी आईला डेक्कन क्वीनने मुंबईला नेले. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात तो फुटका दगड आहे. आई चपला काढून उभी राहिली. पहारेकरी काही बोलला नाही. "म्हाताऱ्या माणसांना भेटायचं लिहिलंय, ते कुठल्या ओळीत?" तिने विचारले. मला ब्राह्मी येत नव्हती. मी अंदाजानेच एका ओळीकडे बोट दाखवले, आणि तिने हात जोडले.

पुण्याला परतल्यावर मी ब्राह्मी शिकायला घेतली. निम्मी अक्षरे आली आहेत.