गिधाडांचा जीव आपल्या गोठ्यात

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण)



बचतीचा हिशेब झाला, कर्जाचा झाला. आता जेवणाआधी मला पंधरा मिनिटं दिलीत आणि विषय दिलाय, ‘नामशेष होत चाललेले जीव कसे वाचवायचे’. विषय ऐकला की वाटतं, हे वाघाचं, अभयारण्याचं, वनखात्याचं काम; आपला काय संबंध? म्हणून मी आज वाघाचं नावच काढत नाही. मी गिधाडावर बोलणार आहे.

हसताय ना? आपल्याकडे ‘गिधाडासारखा टपून बसलाय’ असं म्हणतात, मला ठाऊक आहे. पण सीतामाईसाठी रावणाला आडवा गेला तो जटायू याच जातीचा. आपल्या जिल्ह्यात टाकेदला त्याचं ठिकाण आहे, आपण तिथे हात जोडतो.

इथल्या पन्नाशीपुढच्या मावश्यांना विचारते. तुमच्या लहानपणी मेलेलं ढोर गावाबाहेर ओढून टाकलं की काय व्हायचं? (‘दुपारपर्यंत नुसती हाडं!’ असं मागून एक मावशी म्हणाल्या.) बरोबर. आणि आता काय होतं? आठ-आठ दिवस वास येतो, कुत्री गोळा होतात.

मधल्या काळात झालं काय, ते सांगते. १९९० नंतर भारतातली गिधाडं पटापट मरायला लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाची तर अशी गत झाली, की २००७ पर्यंत हजारातलं जेमतेम एक उरलं. कुणी म्हणे रोग आला, कुणी म्हणे शेतातल्या फवारण्या. खरं कारण २००४ मध्ये कळलं. गुरांना दुखण्यावर, सुजेवर द्यायचं डायक्लोफिनॅक नावाचं औषध. ही सुई दिलेलं जनावर लगेच मेलं आणि गिधाडानं खाल्लं, तर गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडतात. एका मेलेल्या ढोरावर कितीतरी गिधाडं बसतात, म्हणून शंभर मेलेल्या जनावरांत एखाद्यात औषध असलं तरी सगळा थवा संपायला पुरे होतं.

त्याची किंमत माणसांनीही मोजली. मांस उघड्यावर सडू लागलं, पाणी खराब झालं, कुत्री आणि कुत्रं चावण्याचा धोका वाढला. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये हिशेब मांडला, की गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे ५ लाख माणसं जास्तीची मेली. त्यात आपल्यासारख्यांचीच लेकरं असतील.

आता वाचवायचं कसं? मुख्य रस्ते तीन.

पहिला, पिंजऱ्यात जपून वाढवायचं. हरियाणात पिंजोरला असं केंद्र आहे. तिथली गिधाडं २०२४ मध्ये आपल्या पेंच आणि ताडोब्यात आणली. पण गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते, पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षं लागतात. आपल्या शेळीच्या हिशेबानं मोजू नका. हे काम पिढ्यांचं आहे.

दुसरा, जिथे आहेत तिथेच सांभाळायचं. अंजनेरीच्या कड्यावर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. हरसूलजवळ खोरीपाड्याला वनखातं आणि गावकऱ्यांनी मिळून गिधाडांना मेलेली जनावरं खायला ठेवायची जागा केली.

तिसरा रस्ता म्हणजे मरणाचं कारणच काढून टाकायचं. हे झालं नाही तर पहिले दोन वाया जातात. पिंजऱ्यातून सोडलेलं गिधाड पुन्हा तेच मांस खाणार आणि मरणार. सरकारनं २००६ मध्ये गुरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आणली. माणसांसाठीची मोठी बाटली गुरांना वापरत होते, म्हणून २०१५ मध्ये तीही ३ मिलीपुरती केली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅक या औषधांवरही गुरांसाठी बंदी आली. कायदा झाला. पण गोठ्यात सुई टोचली जाते तेव्हा तिथे कायदा नसतो, आपण असतो.

आता माझ्या घरची गोष्ट. आमच्या गायीच्या कासेला सूज आली. गुरांचे सरकारी डॉक्टर लांब, रात्रीची वेळ. वडिलांनी ओळखीच्या एकाला बोलावलं, त्यानं सुई दिली. मी तिथेच बॅटरी धरून उभी होते. एमएसडब्ल्यू झालेली मी, पण औषध कोणतं, हे विचारायचं मला सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी गाय गेली, माळावर टाकली. पुढे प्रशिक्षणात डायक्लोफिनॅकचं नाव ऐकलं आणि घरी जाऊन फळीवरची रिकामी बाटली बघितली. तेच नाव. माळावर त्या दिवशी काय उतरलं, काय नाही, मला माहीत नाही. पण ती बाटली मी टाकली नाही, आज सोबत आणलीये. जेवताना बघा.

एका गटात मी हे सांगितलं तेव्हा एक काकू रागावल्या. म्हणाल्या, ‘माझी गाय तडफडतीय आणि तुला गिधाडाचं पडलंय?’ काकूंचा राग खरा आहे. गटाचं कर्ज काढून घेतलेली गाय असते ती. पण गाय की गिधाड, असं निवडायची वेळच येत नाही. मेलोक्सिकॅम नावाचं औषध गुरांच्या दुखण्यावर, तापावर, सुजेवर चालतं आणि गिधाडाला बाधत नाही. टोल्फेनॅमिक अॅसिडही तसंच. डोस डॉक्टरांनीच ठरवायचा, पण नाव आपण विचारायचं.

म्हणून प्रत्येक ग्रामसंघानं चार गोष्टींचा ठराव घ्यावा, अशी विनंती.

एक, सुई देण्याआधी औषधाचं नाव विचारायचं आणि बाटली ठेवून घ्यायची. वाचता येत नसेल तर पशुसखीला दाखवायची.

दोन, माणसांच्या दुखण्याची गोळी, सुई गुरांना द्यायची नाही.

तीन, दुखण्याची सुई दिल्यावर दोन-तीन दिवसांत जनावर दगावलं, किंवा कोणती सुई दिली ते माहीतच नसेल, तर उघड्यावर टाकायचं नाही. खोल खड्डा करून पुरायचं.

चार, बिबट्यावर किंवा कुत्र्यांवर राग म्हणून मेलेल्या जनावरात विष घालायचं नाही. ते आधी गिधाडाच्या पोटात जातं.

यात पैसा लागत नाही, प्रस्ताव लागत नाही. पशुसखींच्या वहीत आजपासून एक रकाना वाढवूया, ‘औषधाचं नाव’. पुढच्या वर्षीच्या सभेत बचतीच्या हिशेबासोबत त्या रकान्याचाही हिशेब मांडूया. आमच्या घरच्या गायीपासून मी सुरुवात केली आहे.

जेवण गार होतंय. थांबते.