डोंगर, समुद्र आणि भरपगारी रजा



कामगार चळवळीतल्या माणसाने प्रवासाची हकीकत सांगावी याचे काहींना नवल वाटेल. बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलणारा हा मनुष्य डोंगर-समुद्रावर काय बोलणार? पण पोटाप्रमाणे डोळ्यांनाही भूक असते. ती भागवायला वेळ लागतो, आणि गरिबाला वेळ मिळतो तो हक्कानेच. म्हणून हा विषय मी माझ्या रोजच्या कामाबाहेरचा मानीत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी आणि माझी पत्नी नॉर्वेला जाऊन आलो. तिचा भाचा बर्गन येथे नोकरीला आहे. राहण्याची सोय त्याच्याकडे होती. तिकिटांचे पैसे आम्ही काही वर्षे साठवले होते.

बर्गन हे बंदर. धक्क्यालगत ब्रुग्गेन नावाची जुन्या लाकडी वखारींची रांग आहे. उत्तरेकडच्या लोफोतेन बेटांवरचा सुका कॉड मासा शतकानुशतके या बंदरातून युरोपभर गेला. तो मीठ न लावता, लाकडी मांडवांवर टांगून, थंड वाऱ्यावर वाळवतात. दुकानात टांगलेला तो मासा पाहून सौ. म्हणाली, "अहो, हा तर आपल्या सुक्या बोंबलाचा थोरला भाऊ!"

बर्गनहून आम्ही मिरडालला गेलो आणि तेथून फ्लोमच्या गाडीत बसलो. सुमारे २० किलोमीटरांत ही गाडी ८६० मीटरांहून अधिक उतरते. आपल्या बोरघाटाचा चढ ३७ ला १. येथला १८ ला १! वाटेत २० बोगदे आहेत आणि त्यांतले १८ मजुरांनी हातांनी खोदले. काम १९२४ साली सुरू झाले, १९४० साली गाडी धावली. धबधब्यापाशी गाडी थांबली, तशी माणसे छायाचित्रे घेऊ लागली. तो देखावा सुंदर खराच. पण तो आपल्या डोळ्यांपुढे आणून ठेवला तो पहार चालवणाऱ्या हातांनी. बोरघाटातून पुण्या-मुंबईला जाताना आपणही हे आठवावे.

फ्लोमहून बोटीने निघालो. हिमनद्यांनी कोरलेल्या दरीत समुद्र शिरला म्हणजे फ्योर्ड होतो. सोग्नेफ्योर्ड २०० किलोमीटरांहून लांब आणि १,३०० मीटर खोल आहे. त्याची एक शाखा नॅरोयफ्योर्ड. ती एके ठिकाणी अवघी २५० मीटर रुंद होते. दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे, मध्ये हिरवे-काळे पाणी. पाऊण तास आम्ही दोघे एक शब्दही बोललो नाही.

मग भूक लागली. हॉटेलातले जेवण आमच्या खिशाला झेपणारे नव्हते; पण तिथली माणसेही कागदात गुंडाळलेले पावाचे तुकडे घरून नेतात. आम्ही तेच केले. पावावर तपकिरी चीज होते. दुधाची निवळी तासन् तास आटवून ते करतात. चव खरपूस खव्यासारखी, किंचित आंबटगोड. निवळी फेकून न देता तिचे पक्वान्न करणारी ही गरिबाघरची अक्कल आहे. ती कोणत्याही देशात ओळखू येते.

कोणी म्हणेल, त्या देशाला तेल सापडले, त्यांना चैन परवडते. पण तारखा पाहा. आठ तासांचा दिवस तेथे १९१९ साली कायद्याने आला. तीन आठवड्यांची भरपगारी रजा १९४७ साली. तेव्हा जर्मन कब्जातून सुटून दोनच वर्षे झाली होती. दुसऱ्याच्या मालकीच्या रानावनातूनही सर्वांना मोकळेपणाने फिरता यावे, हा कायदा १९५७ सालचा. आणि तेलाचा मोठा साठा सापडला १९६९ साली! म्हणजे रजा तेलातून निघाली नाही. ती संघटनेतून निघाली.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस रजा दिली. पण कितीजण ती उपभोगतात? मुलीचे लग्न, घराचे हप्ते. म्हणून रजा विकून पैसे घेतात. त्यांना मी दोष देत नाही. ज्याला रजा विकावी लागते त्याचा पगार अपुरा आहे, इतकाच त्याचा अर्थ. पगाराची आणि रजेची मागणी म्हणून एकच आहे. कंत्राटी कामगाराच्या हाती तर बहुधा विकण्यापुरतीही रजा नसते.

बोटीवर डबा आवरताना सौ.ने मला विचारले, "कामगाराची रजा मस्टरवर मांडतात. माझे नाव कोणत्या मस्टरवर आहे?" मी तिच्या हातातला डबा घेतला आणि धुऊन आणला. पण एक डबा धुणे हे उत्तर नव्हे. घरातल्या बाईची रजा अजून कोणत्याही मागणीपत्रात आलेली नाही.

ती मागणी कोणाकडे करायची, हे आज जमलेल्या पुरुषांना वेगळे सांगायला नको. नॉर्वेला जायला हवे असे नाही. माथेरान आहे, कोकणचा किनारा आहे. यंदा रजा विकू नका. दोघांनी मिळून घ्या.