रक्ताची पत्रिका
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात कुर्डुवाडी येथे दिलेले व्याख्यान)



उद्या याच मंडपात वधू-वर परिचय मेळावा भरावयाचा असता आज एड्ससारख्या व्याधीचे नाव काढणे काहींना अशुभ वाटेल. परंतु जिच्या संशोधनाविषयी मी बोलणार आहे, त्या विदुषीने अखेरीस विवाह जुळविण्याचेच कार्य हाती घेतले होते. तेव्हा विषय अगदीच अप्रस्तुत नव्हे.

डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. आपल्या स्थानकावरून ज्या मद्रासकडे गाड्या जातात, तेथे चामड्याचा व्यापार करणाऱ्या महाराष्ट्रीय कुटुंबातील आठ भावंडांत ही एकच कन्या. हृदयशल्यविशारद डॉ. व्हिक्टर सॉलोमन यांच्याशी त्यांनी विवाह केला. ‘त्या आपल्या ज्ञातीच्या काय?’ असे एका गृहस्थांनी मला मघाशी विचारले. त्याने त्यांच्या कार्यात काय अधिकउणे होते, ते मला उमगले नाही.

अमेरिकेत 1981 साली हा रोग प्रथम नोंदला गेला, तेव्हा आपली नीतिमत्ताच आपले रक्षण करील अशी आपल्याकडे समजूत होती. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकविणाऱ्या सुनीतीबाईंनी ती पडताळून पाहण्याचे ठरविले व हे काम आपल्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांच्याकडे सोपविले. निर्मलाबाईंनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे रक्तनमुने जमविले, तात्पुरती सोय करून त्यांतील रक्तद्रव वेगळा काढला आणि तो घरच्याच शीतकपाटात ठेवला. फेब्रुवारी 1986 मध्ये असे 80 नमुने बर्फाच्या डब्यात घालून त्या पतीसह रात्रीच्या गाडीने काटपाडीस उतरल्या व वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात गेल्या. परीक्षेत 6 नमुने पिवळे झाले. अमेरिकेतील तपासणीनेही तेच सिद्ध केले.

हा विषाणू शरीराच्या सेनापतीवरच घाला घालतो. रक्तातील ज्या श्वेतपेशी इतर रक्षक पेशींना कामास लावतात, त्यांच्या पृष्ठभागावरील ‘सीडी-4’ नामक रेणूला तो चिकटतो, आत शिरतो, आणि आपला मजकूर त्या पेशीच्या आनुवंशिक लेखात मिसळून टाकतो. म्हणूनच तो समूळ काढणे इतके दुष्कर आहे. निरोगी मनुष्याच्या रक्तात या पेशी घन मिलिमीटरला साधारणतः 500 ते 1500 असतात. त्या 200 च्या खाली गेल्या की एरवी क्षुल्लक वाटणारे जंतूही प्राणघातक ठरतात.

1993 मध्ये सुनीतीबाईंनी पित्याच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र काढले. तेथे येणाऱ्या बाधित स्त्रियांत बहुसंख्य गृहिणी होत्या, आणि पतीवाचून अन्य पुरुष त्यांना ठाऊक नव्हता. पुण्यातही डॉ. रमण गंगाखेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली हेच प्रसिद्ध केले: गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या, देहविक्रय न करणाऱ्या 391 स्त्रियांपैकी 13.6 टक्के बाधित निघाल्या. बंधूंनो, कुळशील, गोत्र, गुण आणि मंगळ आपण कन्येसाठी बारकाईने पाहिले, पण जे पाहावयाचे ते पाहिलेच नाही. माझ्या मते या शास्त्राने आपल्या समाजास दाखविलेली सर्वांत कटू गोष्ट हीच होय.

पुढे औषधे आली. नऊ देशांतील 1763 जोडप्यांच्या अभ्यासात पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था व हे गायतोंडे केंद्र दोन्ही सहभागी होती. औषधोपचार लवकर सुरू केल्यास जोडीदारास होणारा संसर्ग 96 टक्क्यांनी घटतो, हे 2011 मध्ये त्यातून दिसले. मातेस वेळीच औषध दिल्यास बालकही बहुधा निरोगी जन्मते.

म्हणूनच सुनीतीबाई आपल्या बाधित रुग्णांचे परस्परांत विवाह जुळवीत. शिक्षण, मिळकत यांबरोबर सीडी-4 पेशींची संख्या आणि रक्तातील विषाणूंचे प्रमाणही त्या पाहत. त्यांचे निधन 28 जुलै 2015 रोजी झाले. 2017 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

आपल्या मेळाव्याच्या अर्जात रक्तपरीक्षेचा रकाना घालावा, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आहे. तिला माझा विरोध आहे. 2017 च्या कायद्यान्वये संमतीवाचून ही तपासणी करता येत नाही, आणि कोणाचा निकाल मंडळाच्या दप्तरात पडून राहणे मुळीच इष्ट नाही. त्याऐवजी उभयतांनी, वराने आधी, स्वेच्छेने सरकारी रुग्णालयातील समुपदेशन व चाचणी केंद्रात जावे. तेथे शुल्क पडत नाही व नाव गुप्त राहते. निकाल त्या दोघांनीच परस्परांस सांगावा. साखरपुड्यापूर्वी एक सकाळ त्यासाठी काढावी, एवढीच आईवडिलांस माझी विनंती आहे.