मरणोन्मुख कैद्याचा प्रश्न



दहशतवादाच्या गुन्ह्याबद्दल शिक्षा भोगणारा कैदी असाध्य रोगाने मरणाच्या दारात उभा असेल, तर अखेरचे दिवस त्याला घरी काढू द्यावेत काय, असा प्रश्न कोणत्याही सभेत विचारला की सभेचे तत्काळ दोन तट पडतात. एका तटाला मेलेल्यांचे चेहरे दिसत असतात, दुसऱ्याला मरू घातलेल्याचा. दोघांनाही जे दिसते ते खरेच असते. म्हणूनच हा प्रश्न घोषणांनी सुटत नाही. तो एखाद्या प्रत्यक्ष घटनेवर घासून पाहणे इष्ट.

अशी घटना म्हणजे लॉकर्बीचे प्रकरण. २१ डिसेंबर १९८८ च्या रात्री लंडनहून न्यूयॉर्कला निघालेले पॅन ॲम कंपनीचे विमान बॉम्बस्फोटाने फुटून स्कॉटलंडमधील लॉकर्बी या लहानशा गावावर कोसळले. विमानातील २५९ आणि गावातील ११ अशी २७० माणसे प्राणास मुकली. नाताळासाठी घरी परतणारे अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठाचे ३५ विद्यार्थी त्यांत होते. या हत्याकांडाबद्दल अब्देलबासेत अल-मेग्राही या लिबियाच्या गुप्तचर अधिकाऱ्यास ३१ जानेवारी २००१ रोजी स्कॉटिश न्यायालयाने जन्मठेप सुनावली. किमान २७ वर्षे त्याने तुरुंगात काढली पाहिजेत, असे नंतर ठरले. पुढे त्याला प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग जडला, आणि २० ऑगस्ट २००९ रोजी स्कॉटलंडचे न्यायमंत्री केनी मॅकॅस्किल यांनी त्याची अनुकंपेच्या आधारावर मुक्तता केली. त्रिपोलीच्या विमानतळावर जमावाने झेंडे फडकावून त्याचे स्वागत केले. ते दृश्य पाहताना मुले गमावलेल्या आईबापांच्या मनाचे काय झाले असेल, याची कल्पना ज्याला करवत नाही त्याने दयेची बाजू मांडण्याच्या भरीस पडू नये.

संतापलेल्या मनात एक हिशेब आपोआप मांडला जातो. मेग्राही ताब्यात आल्यापासून सुटेपर्यंत सुमारे दहा वर्षे साडेचार महिने कैदेत होता. त्याला २७० ने भागले तर एका जिवामागे जेमतेम चौदा दिवस पडतात. ही किंमत निर्लज्जपणे अल्प आहे, यात शंका नाही. परंतु अर्थशास्त्राच्या साध्या विद्यार्थ्यानेही हा भागाकार पुढे न्यावा. पूर्ण सत्तावीस वर्षांना २७० ने भागले तर दरडोई साडेछत्तीस दिवस येतात. चौदा दिवसांनी जो न्याय झाला नाही, तो साडेछत्तीस दिवसांनी झाला असता काय? ज्या ऋणाची फेड कोणत्याही मुदतीत होऊच शकत नाही, त्याच्या हप्त्यांची मोजदाद करणे हा मृतांचाही सन्मान नव्हे. शिक्षेचे प्रयोजन अन्यत्र शोधले पाहिजे: समाजाचे रक्षण, गुन्ह्याचा जाहीर निषेध, इतरांना धाक. अंथरुणावरून उठू न शकणाऱ्या देहाला आणखी काही आठवडे कोठडीत ठेवल्याने यांतले काय साधते?

मॅकॅस्किल यांचे उत्तर थोडक्यात असे होते की, गुन्हेगाराने दया दाखवली नाही म्हणून ती दाखवण्याचे राज्यसंस्थेचे कर्तव्य संपत नाही. १९९३ च्या ज्या स्कॉटिश कायद्याचा त्यांनी आधार घेतला, त्यात गुन्ह्याच्या स्वरूपावरून कोणाला वगळलेले नाही. सूड हा बळी पडलेल्यांच्या नातलगांचा स्वाभाविक उद्गार आहे, त्यांना तो शोभतो. राज्यसंस्थेला तो शोभत नाही.

यावर मोठा आक्षेप असा की, तीन महिन्यांत मरणार म्हणून सोडलेला हा माणूस २० मे २०१२ पर्यंत, म्हणजे तब्बल दोन वर्षे नऊ महिने जगला. कैदी वेळेवर मेला नाही, ही तक्रार ऐकायला चमत्कारिक वाटते, तथापि तिच्यात तथ्य आहे. वैद्यकाचा अंदाज हा अंदाजच असतो; म्हणूनच तो एकाच्या भरवशावर सोडू नये, वैद्यकीय मंडळाने द्यावा. मुक्ततेला अटी असाव्यात, आणि त्या मोडल्यास कैद्याला परत आणता यावे. मेग्राहीला परदेशी धाडल्यावर ही वाट व्यवहारतः बंदच झाली.

दुसरा आक्षेप धोक्याचा. तो मात्र पूर्णतः मान्य केला पाहिजे. अमेरिकेत जन्मठेप भोगणारे शेख उमर अब्देल रहमान अंध आणि व्याधिग्रस्त होते, पण त्यांचा शब्द हेच त्यांचे शस्त्र होते. तो बाहेरच्या अनुयायांपर्यंत पोचवल्याबद्दल त्यांच्या वकील लिन स्टुअर्ट यांनाही शिक्षा झाली. शेख फेब्रुवारी २०१७ मध्ये तुरुंगातच वारले. स्टुअर्टबाईंना मात्र कर्करोगामुळे २०१३ च्या अखेरच्या दिवशी सोडण्यात आले. त्याही डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा अधिक, मार्च २०१७ पर्यंत जगल्या. मेग्राहीच्या सुटकेवर संतापलेल्या अमेरिकेनेच हा निर्णय घेतला होता! मरणारा माणूस अजून धोकादायक आहे काय, हे पाहून नकार द्यावा. त्याचा गुन्हा घृणास्पद होता एवढ्यावरून नव्हे.

समाजवाद्यांना खरी चिंता वाटावी ती तिसऱ्या गोष्टीची. लिबियात तेल होते. ब्रिटिश पेट्रोलियम कंपनीने २००७ मध्ये त्या देशाशी मोठा करार केला, आणि ब्रिटन व लिबिया यांच्यातील कैदी-हस्तांतर करार रेंगाळू नये म्हणून ब्रिटिश सरकारकडे आपण शब्द टाकल्याचे कंपनीने पुढे स्वतःच मान्य केले. मॅकॅस्किल यांनी हस्तांतराची मागणी फेटाळली आणि व्यापाराचा विचार केला नसल्याचे सांगितले; ते खोटे मानण्यास आधार नाही. पण करुणेच्या दारात तेलाची पिंपे दिसू लागली की करुणेवरचा विश्वास उडतो. ज्याच्या पाठीशी तेलसंपन्न राज्य नाही, त्या कैद्याचे काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही. मार्च २०१७ मध्ये गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली प्रा. जी. एन. साईबाबा व इतर पाच जणांना शिक्षा दिली. पाच जणांना जन्मठेप, एकाला दहा वर्षे. साईबाबा नव्वद टक्के अपंग, चाकांच्या खुर्चीला खिळलेले. आजारपणाच्या कारणाने त्यांनी मागितलेला जामीन २०२० मध्ये नाकारला गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांची आई वारली. तिचे अंत्यदर्शनही त्यांना घडले नाही. कायद्यात दयेला जागा नव्हती असे नाही. राज्यपालांना शिक्षा माफ करण्याचा अधिकार संविधानाच्या १६१ व्या कलमाने दिलेला आहे, शिक्षा तहकूब करण्याचे अधिकार शासनालाही आहेत. पण अधिकार म्हणजे मर्जी, आणि मर्जी दुबळ्याच्या वाट्याला क्वचित येते. म्हणून मागणी मर्जीची नव्हे, नियमाची हवी: आजाराची तपासणी स्वतंत्र मंडळाकडून, बळींच्या नातलगांचे म्हणणे ऐकून, ठरलेल्या दिवसांत, कारणे लिहून निर्णय. आणि गुन्ह्याच्या नावावरून कोणीही आधीच बाद नाही.

त्या सहा जणांतील गडचिरोली जिल्ह्याचा एक आदिवासी तरुण ऑगस्ट २०२२ मध्ये शिक्षा भोगत असतानाच आजाराने मरण पावला. त्यानंतर सातच आठवड्यांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने खटल्यातील आरोपींना निर्दोष ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल लगेच स्थगित केला व पुढे फेरसुनावणीस पाठवला. ५ मार्च २०२४ रोजी त्याच खंडपीठाने त्यांना पुन्हा निर्दोष ठरवले. साईबाबा बाहेर आले आणि सात महिन्यांनी, १२ ऑक्टोबर २०२४ रोजी, हैदराबादेत वारले.