रोपाची माती व रोपाचे अन्न

(शिक्षक-संमेलनात कुडपण येथे केलेले भाषण)



कुडपणच्या या उंच डोंगरपठारावर उभे राहून शेतीविषयी बोलावयाचे म्हणजे थोडे धारिष्ट्यच होय. आपणांपैकी बहुतेकांचे बालपण राबाच्या धुरात गेलेले आहे. तरीही शाळेच्या वाफ्यात रोप उगवले म्हणजे आपण त्यास पाणी घालतो, कौतुकाने पाहतो, आणि ते पिवळे पडले की पावसास दोष देतो. म्हणून आज फक्त पेरणीपासून लावणीपर्यंतच्या तीन-चार आठवड्यांचाच विचार करू. पोलादपूर-महाडच्या डोंगरात वर्षाचे भात अथवा नाचणी याच आठवड्यांवर अवलंबून असते. मृगात पेरलेला तरवा बिघडला तर पुन्हा पेरण्यास बियाणेही नसते व दिवसही उरत नाहीत.

प्रथम माती. आपल्या उतारावरील माती तांबडी, जांभ्या खडकाची झीज होऊन झालेली. तिच्यात लोह भरपूर, परंतु चुना कमी; पावसाच्या माऱ्याने विद्राव्य क्षार वाहून गेल्यामुळे ती आम्ल बनते. अशा मातीत स्फुरद असला तरी तो लोहाशी व ॲल्युमिनियमशी जखडून बसतो, मुळांच्या हाती लागत नाही. हे मुलांना सांगताना फळ्याची गरज नाही. काचेच्या बाटलीत तीन भाग पाणी व एक भाग माती घालून हलवावी व बाटली तशीच ठेवून द्यावी. रेती क्षणात बसते, पोयटा थोड्या वेळाने, चिकण माती दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणी गढूळ ठेवते. रोपासाठी माती निवडताना ओला गोळा मुठीत दाबून पाहावा. तो बांधला जावा, पण बोटाच्या टिचकीने फुटावा. फुटला नाही तर त्या मातीत मुळांचा श्वास कोंडेल. बांधलाच गेला नाही तर तीत पाणीही टिकणार नाही व खतही.

आता राबाविषयी. शेण, कवळ, गवत व वर मातीचा थर अशी रचना करून ती वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने सावकाश जाळावयाची, ही आपल्या पूर्वजांची रीत आहे. तिला अडाणीपणा म्हणून हसणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी १९१२ साली हॅरॉल्ड मान व त्यांचे सहकारी जोशी व कानिटकर यांनी पश्चिम हिंदुस्थानातील राब पद्धतीवर लिहिलेला प्रबंध पाहावा. राबाने तणाचे बी मरते, राखेतून पालाश व चुना मिळतो, आम्लता काहीशी मावळते, आणि मातीस लागलेली धगही रोपास मानवते. परंतु या व्यवहारात तोटाही आहे. शेणातील व पाल्यातील नत्र धुराबरोबर निघून जातो, आणि दरसाल कवळ तोडल्याने ऐन-किंजळाची झाडे नुसते खांब होऊन उभी राहतात. १८८५ साली नेमलेल्या मुंबई वन आयोगापुढे कुलाबा व ठाणे जिल्ह्यांतील राबाचा प्रश्न आला, तो याच ओढाताणीमुळे. म्हणून वर्गात 'राब वाईट' असे म्हणू नये. ज्याच्या घरी परवाच राब भाजला आहे, तो मुलगा समोर बसलेला असतो. काय मिळते व काय जाते, एवढे त्याच्यापुढे मांडावे.

राब न भाजता तरवा करावयाचा तर गादीवाफा करून गुंठ्यास सुमारे २५० किलो कुजलेले शेणखत व १ किलो युरिया द्यावा, आणि पंधरा दिवसांनी युरियाचा आणखी एक हप्ता द्यावा, असे साधारणपणे सांगितले जाते. एक हेक्टर लावणीस १० गुंठे वाफे पुरतात. बी आधी मिठाच्या पाण्यात, १० लिटरांस ३०० ग्रॅम या मापाने, सोडावे. तरंगलेले काढून टाकावे व उरलेले स्वच्छ पाण्याने धुवावे.

अन्न देण्याविषयी माझीच एक चूक सांगतो. मी नवा शिक्षक असताना दुसऱ्या एका खोऱ्यातील शाळेत एका मुलाने आजीने जपलेले मिरचीचे बी आणले. चमकदार काळे दिसले म्हणून गोठ्यामागचे ताजे शेण मी मातीत निम्मे मिसळले. रोपे उगवली, आणि आठवड्यात कडेने करपून आडवी झाली. मुलाने विचारले, "गुरुजी, जास्त खाऊ घातले का?" त्याचे उत्तर 'होय' असेच होते. आजीकडेही ते बी उरलेले नव्हते. तेव्हापासून मी निम्मे बी पुडीत ठेवल्याशिवाय वाफ्यास हात लावीत नाही.

बीजदलांत रोपाची पहिली शिदोरी असतेच. खरी पाने फुटेपर्यंत त्यास वेगळे अन्न लागत नाही. पुढे एक भाग शेण व दहा भाग पाणी कालवून, चार-सहा दिवस मुरवून, गाळून द्यावे, तेही पावसाची उघडीप पाहून. धो धो पावसात दिलेले खत ओढ्यासच मिळते. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्र कमी समजावा. पानांवर जांभळी झाक आली तर स्फुरद. पण हिरवेगार लुसलुशीत रोप पाहून भुलू नये. नत्राने माजलेले भाताचे रोप करप्यास लवकर बळी पडते.

शाळेच्या भाजीची रोपे मात्र आपल्याकडे भाद्रपदात पाऊस ओसरल्यावर करावी. दोन भाग तांबडी माती, एक भाग चाळलेले शेणखत, एक भाग ओढ्याची रेती. वाफा पागोळ्यांखाली कधीही नसावा. तीन करवंट्यांना तळाशी भोके पाडून एकीत नुसती माती, दुसरीत मातीत चिमूटभर राख, तिसरीत खत असे ठेवून मुलांनी रोज उंची व पाने वहीत नोंदवावी. पटावर चारच मुले असली तरी चालेल. उलट प्रत्येकाच्या वाट्यास अधिक करवंट्या येतील.

लावणीपूर्वी आठवडाभर मिरची-वांग्याच्या रोपांचे पाणी हळूहळू कमी करावे व त्यांस उन्हाची सवय लावावी. भाताचे रोप २१ ते २५ दिवसांचे झाले की काढावे. वाफा ओला करून, मुळे न तोडता. एका चुडात दोन-तीन रोपे पुरेत. भाजीची लावणी सायंकाळी करावी, आणि वाफ्यातील शेवटची ओळ तशीच राखावी. आठ दिवसांनी नांगे भरावयास ती लागेल.