यादीबाहेरची मुले
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आज आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार केला. त्या सर्वांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु ज्यांची नावे या यादीत कधीच येत नाहीत, अशा काही मुलांविषयी दोन शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी. कारण तसे एक मूल आमच्याच घरात वाढले.

आमचा धाकटा मुलगा बोलण्यात चतुर. एकदा ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगे. बंद पडलेले घड्याळ उघडून पुन्हा चालू करी. परंतु पुस्तक पुढे आले की 'घ' आणि 'ध' यांतील भेद नाहीसा होई आणि जोडाक्षरापाशी वाचा खुंटे. 'पंचवीस' म्हटले की वहीत ५२ उमटत. पाच आधी ऐकला म्हणून आधी लिहिला. आम्ही त्याला आळशी म्हटले, चारचौघांत हिणवले, प्रसंगी हातही उगारला. एके रात्री त्याने विचारले, "बाबा, मी मठ्ठ आहे का?" आम्ही निरुत्तर झालो.

वास्तविक उत्तर फार पूर्वीच मिळालेले होते. १८९६ साली इंग्लंडमधील डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा हुशार, गणितात तरबेज. परंतु स्वतःचे नावही त्याला धड लिहिता येत नसे. या अवस्थेस आज डिस्लेक्सिया म्हणतात. हा दोष डोळ्यांचा नव्हे, बुद्धीचा नव्हे, आईबापांच्या संस्कारांचा तर नव्हेच. उच्चारलेला ध्वनी आणि लिहिलेले अक्षर यांची सांगड मेंदूत सहजी बसत नाही, एवढेच. पुष्कळदा हे घराण्यात चालत येते. ते समूळ जात नाही. परंतु ध्वनी आणि अक्षर यांची जोड पायरीपायरीने, धीराने शिकविली तर मूल वाचू लागते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अवस्थेचा समावेश आहे. प्रमाणपत्र असल्यास आपल्या राज्यात शालान्त परीक्षेस जादा वेळ मिळतो, लेखनिकाचीही सोय होते. तरीही आपण ते मागण्यास कचरतो. 'लोक काय म्हणतील? उद्या सोयरीक कशी जुळेल?' या भयापायी आम्हीच दोन वर्षे व्यर्थ दवडली. ती वर्षे आमची नव्हती, मुलाची होती, याची खंत आजही वाटते.

आज तो विद्युत उपकरणांच्या दुरुस्तीचे दुकान चालवितो. पावती वाचताना अजूनही ओळीखाली बोट धरतो. मात्र आता ते कोणापासून लपवीत नाही.

आमची संस्थेस नम्र विनंती आहे. शिक्षणनिधीतील काही रक्कम अशा मुलांच्या तपासणीसाठी व विशेष शिकवणीसाठी राखून ठेवावी. आणि पुढील वर्षापासून सत्काराच्या यादीत हस्तकौशल्य, गायन, क्रीडा यांनाही मानाचे स्थान द्यावे. गुणपत्रिकेत मावतात तेवढेच गुण, असे आपण मानू नये.

आणि एखाद्या घरी आज रात्री एखाद्या मुलाने तोच प्रश्न विचारला, तर आमच्याप्रमाणे आपण निरुत्तर होऊ नये. "नाही बाळा, तुझी वाट निराळी आहे, आणि आम्ही तुझ्याबरोबर आहोत," एवढे तरी त्यास अवश्य सांगावे.