स्क्वॉड्रनच्या खात्यावर



आज पदवी हातात पडली. घरची मंडळी फोटोसाठी ताटकळली आहेत आणि हे भाषण कधी संपतं याकडे त्यांचं लक्ष आहे. तेव्हा आज उपदेश नको. तुमच्याच वयाच्या काही मुलामुलींची हकीकत ऐका. त्यांचाही पदवीदान समारंभ होतो, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातल्या एनडीएमध्ये. पदवी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची. पण तिथे त्या दिवसाचं फारसं अप्रूप नसतं, कारण दीक्षान्त संचलन तोंडावर आलेलं असतं आणि सगळ्यांचा जीव बुटांच्या चकाकीत अडकलेला असतो.

खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस खायला आपण सगळेच जातो. पाण्यापलीकडच्या त्या आवारात मात्र परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. परवानगी मिळाली, की पाहुण्याला आधी दाखवतात सुदान ब्लॉक. काळा दगड, जोधपूरचा लाल वालुकाश्म, वर घुमट. हे नाव आलं कुठून? दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या मुक्ततेसाठी भारतीय सैनिक लढले. त्यांच्या स्मारकासाठी सुदान सरकारने 1 लाख पौंड दिले. फाळणीनंतर त्यातले 70 हजार भारताच्या वाट्याला आले आणि ते या वास्तूकडे वळवले गेले. 6 ऑक्टोबर 1949 रोजी पंडित नेहरूंनी प्रबोधिनीची कोनशिला बसवली. तोवर प्रशिक्षण देहरादूनला सुरूही झालं होतं. जानेवारी 1955 मध्ये खडकवासल्याला रीतसर उद्घाटन झालं. भूदल, नौदल आणि हवाई दलाच्या भावी अधिकाऱ्यांना एकाच छताखाली घडवण्याची कल्पना त्या काळी नवीच होती.

इमारती पाहून झाल्या, की पाहुण्यांची नजर सायकलींवर जाते. कॅडेट वर्गाला निघतात ते रांगेत, सायकलवर, ठरलेल्या शिस्तीत. सायकल पंक्चर झाली तरी वर्गाची वेळ पुढे ढकलली जात नाही. सायकल खांद्यावर घ्यायची आणि पळायचं. पहाटे कवायत किंवा पीटी, मग दुपारपर्यंत तास, मग मैदान, संध्याकाळी अभ्यास. गणिताच्या तासाला डोळा लागणं हा तिथला सार्वत्रिक रोग आहे. (तो तुमच्या कॉलेजातही आहे, पण त्याचं कारण निराळं.) चूक झाली की ‘रगडा’, म्हणजे कोलांट्या, रांगणं, धावणं. ‘पट्टी परेड’ तर त्याहून वरची. सीनियर हुकूम सोडतो: पीटीच्या कपड्यांत या. धावत खोलीवर जायचं, बदलायचं, धावत परत यायचं. आता गणवेशात या. आता मुफ्तीत, म्हणजे नागरी पोशाखात, या. दर खेपेला काही मिनिटं मिळतात आणि दर खेपेला बटण एकतरी चुकतंच. खोलीत कपड्यांचा ढीग पडतो आणि तोही रात्री घड्या घालून कपाटात जायला हवा. ही परंपरा माणसाला घडवते की नुसती दमवते, यावर माजी कॅडेटही हसत हसत भांडतात. परंपरा म्हणून चालणाऱ्या सगळ्याच गोष्टींना टाळ्या वाजवायचं कारण नाही.

टाळ्या वाजवाव्यात अशी गोष्ट वेगळीच आहे. प्रबोधिनीत 18 स्क्वॉड्रन आहेत. कॅडेट 3 वर्षं, म्हणजे 6 सत्रं, एका स्क्वॉड्रनचा होऊन राहतो. पोहणं, मुष्टियुद्ध, कवायत, क्रॉस कंट्री, सगळ्याचे गुण स्क्वॉड्रनच्या खात्यावर पडतात. सर्वोत्तम स्क्वॉड्रनला निशाण मिळतं आणि ते मिरवण्यासाठी पोरं जिवाचं रान करतात. तोरणा किल्ल्याचं नाव असलेल्या ‘कॅम्प तोरणा’त पाठीवर ओझं आणि हातात रायफल घेऊन रानोमाळ चालावं लागतं. तिथे एकट्याने पुढे पळून जाणाऱ्याचं कौतुक होत नाही. मागे पडलेल्याची रायफल दुसरा उचलतो, तिसरा त्याला ओढत आणतो. आपल्याकडे मात्र परीक्षेत शेजारचा नापास झाला तर आपला नंबर एकाने वर जातो.

ऑगस्ट 2022 मध्ये या स्क्वॉड्रनांत 19 मुली दाखल झाल्या. त्याआधी वर्षभर, ऑगस्ट 2021 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने मुलींना प्रवेशपरीक्षेला बसू द्या, असा आदेश दिला होता. 30 मे 2025 रोजी त्यांतल्या 17 जणी तीनशेहून अधिक मुलांसोबत संचलन करत बाहेर पडल्या. हे संचलन ज्या मैदानावर होतं त्याला सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचं नाव आहे. ते इथलेच कॅडेट. जून 1971 मध्ये पूना हॉर्स रेजिमेंटमध्ये अधिकारी झाले आणि 16 डिसेंबरला बसंतरच्या रणगाडायुद्धात धारातीर्थी पडले. वय 21. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. मैदानाच्या टोकाला ‘अंतिम पग’ आहे. तो ओलांडला की कॅडेट प्रबोधिनीचा राहत नाही. देहरादून, एळिमला किंवा दुंडीगल इथे पुढचं प्रशिक्षण घ्यायला निघतो.

सगळेच तिथवर पोचत नाहीत. कुणाचा पाठीचा कणा मोडतो, कुणाच्या डोक्याला मार लागतो. प्रशिक्षणात दुखापत झाल्यास भरपाई मागणार नाही, असं आईवडिलांनी प्रवेशाच्या वेळीच लिहून दिलेलं असतं. अपंगत्वामुळे घरी परतलेल्या अशा कॅडेटला माजी सैनिकाचा दर्जा नव्हता, कारण जखम अधिकारी होण्याआधीची. सानुग्रह रक्कम महिन्याला जास्तीत जास्त 40 हजारांच्या घरात. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या मुलांची दखल घेतली आणि त्यानंतर सरकारने माजी सैनिकांची आरोग्ययोजना त्यांना लागू केली. मागे पडलेल्याची रायफल उचलायला शिकवणाऱ्या व्यवस्थेला हे करायला इतकी वर्षं लागावीत, हे लाजिरवाणं आहे.

तुमच्यातले काही जण उद्या वकील होतील, काही डॉक्टर, काही मंत्रालयात फायली हाताळतील. असा एखादा मुलगा चाकाच्या खुर्चीवरून तुमच्या दारी आला, तर त्याला नियम वाचून दाखवू नका. त्याचं काम करा.